नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत: मागांची, घाटांची आणि जुन्या राजधान्यांची गावं

वैनगंगाकाठ

दिवाळी झाली, सकाळी अंगावर शाल लागू लागली, की आमच्या रस्त्याला नागपूरच्या गाड्या वाढतात. उमरेड, भिवापूर करत येतात आणि तशाच जंगलाच्या गेटकडे वळतात. वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर उतरलेली तोंडं, आणि अंधार पडायच्या आत परत. पवनी गावात त्यातली गाडी क्वचितच शिरते. मागच्या महिन्यात भाच्याचे तीन मित्र जंगलातून येऊन आमच्याकडे जेवायला थांबले. चांगली शिकलेली, समजूतदार मुलं. हात धुताना एकाने विचारलं, "आत्या, जंगल सोडून इथे दुसरं काही नाही का हो?" मला त्याचा राग आला नाही. पण रात्री झोप लागेना. आपण कोणाला सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं? म्हणून हा धागा काढते आहे.

नागपूर आज उपराजधानी आहे. पण तिच्याभोवती शंभर किलोमीटरच्या आत तिच्याहून कितीतरी जुन्या राजधान्या आहेत, आणि माग, भट्टी, ऐरण अजून चालू असलेली गावं आहेत. सकाळी डबा घेऊन निघालात तर दिवेलागणीला घरी.

सुरुवात माझ्या गावापासून करते. पवनी नागपूरहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. गावाला मातीचा जुना परकोट आणि खंदक, आणि एका अंगाला वैनगंगा. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी त्याचे प्रमुख होते. टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली. एका खांबावर फणा काढलेला नागराज मुचलिंद. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्तंभलेखही पवनीतलाच. आम्ही लहानपणी त्या टेकडीवर बोरं वेचायला जायचो, पायाखाली काय आहे ते कोणाला ठाऊक होतं! टेकडी पाहून झाली की पंचमुखी गणपती, तो विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, आणि मग वैजेश्वराच्या घाटावर नुसतं बसा. थंडीत सकाळी नऊपर्यंत नदीवर धुकं असतं.

पण पवनीला येऊन माग पाहिला नाही तर अर्धंच गाव पाहिलं. माझं माहेर कोष्ट्याचं, म्हणजे विणकराचं. घरात खड्डामाग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायांखाली पावड्या, म्हणजे माग चालवायच्या फळ्या. खड्ड्याची कड त्यांच्या मांड्या घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती की मातीची आहे असं वाटू नये. करवतकाठी साडीला तीन धोटे लागतात, धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. एक अंगाचा, दोन काठांचे. काठाचं सूत आणि अंगाचं सूत जिथे भेटतं तिथे दर फेकीला एकमेकांत अडकवायचं. काठ अंगात कुठवर शिरू द्यायचा याचा हिशोब दर फेकीला बदलतो, आणि त्यातून करवतीचे दात उमटतात. हा हिशोब बाबांनी कधी कागदावर मांडला नाही. दहा वर्षांची असताना मी त्यांच्या पलीकडे बसून काठाचा धोटा परत पाठवायची. एक दात चुकला तर ते रागवायचे नाहीत, फक्त पावडी थांबायची. ती शांतता मला कोणत्याही रागावण्यापेक्षा जड वाटायची. चुकलेल्या जागेपर्यंत उसवायचं, आणि पुन्हा खट-खटाक सुरू.

बाबा गेल्यावर माग मोडला. मागाची फणी मी सासरी घेऊन आले. अजून माझ्याजवळ आहे.

गावात माग आता पूर्वीइतके राहिले नाहीत, पण आहेत. सकाळी लवकर आलात तर एखाद्या गल्लीत रस्ताभर ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पसरून त्याला खळ लावताना दिसेल. त्याला पांजणी म्हणतात. दोन माणसं दोन टोकांना उभी, तिसरा खळीत बुडवलेला कुंचा फिरवतो, आणि उन्हं चढायच्या आत काम उरकावं लागतं. गाडी आडवी घालू नका, थांबा आणि पाहा.

आता तुम्ही सांगा. जिथे तुम्ही स्वतः चालून आला आहात, तेवढंच लिहा. आणि माझी एकच विनंती. एका दिवसात एकच गाव, फार तर शेजारची दोन. पाच गावं करणाऱ्याच्या हाती फोटो लागतात, माणसं लागत नाहीत.

इतवारीकर

ताई, वाचून लाजल्यासारखं झालं. मी चार वर्षांत तीनदा कऱ्हांडल्याच्या जंगलात जाऊन आलो आणि तिन्हीदा पवनीच्या वळणावर चहा पिऊन परत फिरलो. इतवारीतून आधी छोटी गाडी होती ना, कुही-उमरेड-भिवापूरवरून नागभीडला जाणारी. आमचे आजोबा तिच्यातून सुताच्या गाठोड्या न्यायचे. २०१९ ला ती बंद झाली, रुंदीकरणासाठी. तेव्हापासून त्या बाजूचं जाणंच तुटलं आमचं.

एक विचारायचं होतं. मला फक्त रविवारी सुट्टी. रविवारी माग चालू राहतो का?

वैनगंगाकाठ

राहतो. विणकराला रविवार नसतो, त्याची सुट्टी सणाला आणि गावच्या बाजाराच्या दिवशी. तो दिवस मात्र टाळा. आणि पावसाळा टाळा. खड्ड्यात ओल चढते, खळ वाळत नाही, सूत तुटतं. बाबा श्रावणात अर्धे दिवस नुसते दारात बसलेले असायचे. कार्तिक ते फाल्गुन हा चांगला काळ.

तुमसरचे मास्तर

धागा उत्तम. मी सदतीस वर्षं मोहाडी आणि तुमसर तालुक्यांतल्या शाळांत शिकवलं, म्हणून आंधळगावबद्दल लिहिण्याचा थोडा अधिकार मानतो.

नागपूरहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याला मोहाडी. तिथे चौंडेश्वरीचं देऊळ. जवळच आंधळगाव, कोशाचं म्हणजे टसर रेशमाचं गाव. रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, भंडारा रोड स्टेशन भंडारा शहरात नाही, वरठीला आहे. तिथून पुढे एसटी किंवा ऑटो.

कोसा म्हणजे काय हे माझ्या विद्यार्थ्यांनाही नीट ठाऊक नसे, जरी निम्म्यांच्या घरात तो विणला जाई. तुतीवर वाढणारा रेशमाचा किडा माणसाने घरात आणला. कोशाचा किडा अजून झाडावरच वाढतो. ऐन आणि अर्जुन ही त्याची झाडं. आमच्या झाडीपट्टीत ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली. अळ्या झाडावर सोडायच्या आणि मग महिनाभर त्या झाडाखालीच राहायचं, कारण पाखरं आणि मुंग्या टपलेल्या असतात. हातात गुलेर, कानात सगळं लक्ष. मासेमारी करणारा माणूस पावसाळ्यात जंगलात अळ्या राखतो आणि त्याच्या राखणीतून गावातल्या कोष्ट्याच्या मागावर सूत येतं. नदी, जंगल आणि माग यांचं नातं इतकं जवळचं आहे, आणि ते भूगोलाच्या पुस्तकात मला कधी शिकवायला मिळालं नाही. मी ते पुस्तकाबाहेर शिकवलं.

कोश सोड्याच्या पाण्यात उकळतात, मग चार-सहा कोशांचे धागे एकत्र करून सूत काढतात. जुन्या बाया मांडीवर वळून काढायच्या. मांडीची कातडी त्यांची टणक झालेली असे. आता यंत्रं आली, ते बरंच झालं. सुताचा मूळ रंग मधासारखा. तो रंग ब्लीच करून पूर्ण जात नाही, म्हणून खऱ्या कोशाचा पांढरा कधी दुधासारखा पांढरा दिसत नाही.

आंधळगावात दुकानाची पाटी शोधू नका. आवाजावर जा. गल्लीत उभं राहून दोन मिनिटं गप्प राहिलं की कोणत्या घरात माग चालू आहे ते कळतं. दारात उभं राहून "काका, पाहू का?" एवढं विचारावं. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. चपला बाहेर. ताण्याला हात लावायचा नाही, हाताच्या घामाने सूत ढिलं पडतं.

घरसंसार काटोल

मास्तर, सगळं छान लिहिलंत, पण एक कडवट अनुभव सांगते. मुलीच्या लग्नाला नागपुरातल्या एका मोठ्या दुकानातून "भंडाऱ्याचा अस्सल कोसा" म्हणून साडी घेतली. दुसऱ्या धुण्याला पदराचा चुरगाळा झाला तो झालाच. जाणत्या बाईला दाखवली तर म्हणे, यात कोसा नावालाही नाही. पैसे तर गेलेच, पण मुलीला आम्ही ती आजीची आठवण म्हणून दिली होती. ओळखायचं कसं सांगा. आणि थेट विणकराकडे गेलं तर भाव कमी करतात का?

तुमसरचे मास्तर

ओळखायच्या तीन गोष्टी. पदराच्या शेवटी सुटी दशी असतात, त्यातला एक धागा विचारून घ्या आणि जाळा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे राख उरते, बोटांत चुरली की भुगा. प्लॅस्टिकचं सूत असेल तर वितळून कडक मणी होतो. दुसरं, कोसा हाताला थोडा खरखरीत लागतो, धागा कुठे जाड कुठे बारीक. एकसारखा गुळगुळीत असेल तर शंका घ्या. तिसरं, सिल्क मार्कचं लेबल आणि हातमागाचं चिन्ह पाहा. करवतकाठीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

हल्ली ताण्याला बाहेरून आलेलं सूत आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, इथला कोसा असं बरेच जण विणतात. त्यात फसवणूक नाही, विणकराला विचारलं तर तो स्वतः सांगतो. लपवतो तो मधला.

वैनगंगाकाठ

काटोलच्या ताई, भावाचं मी सांगते, कारण ते माझ्या घरातलं आहे.

बाबांना एका करवतकाठीला आठ-दहा दिवस लागायचे. त्यात आईचे दिवस वेगळे, ती सुताच्या कांड्या भरायची, त्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सूत वाळून तुटू नये म्हणून. मोठा भाऊ ताणा करायचा. तीन माणसांचे दहा दिवस. एकदा नागपूरच्या एक बाई घरी आल्या, साडी पसरून पाहिली, खूप वाखाणली, आणि मग शंभर रुपये कमी करा म्हणून अर्धा तास बसून राहिल्या. बाबांनी शेवटी दिली. त्या गेल्यावर आईने विचारलं, "काऊन दिली?" बाबा म्हणाले, "पोरीच्या फीची तारीख उद्या आहे." ती फी माझी होती.

म्हणून सांगते. नसेल परवडत तर रुमाल घ्या, दुपट्टा घ्या, काही घेऊ नका, नुसतं बसा, चहा प्या. पण घासाघीस करू नका. विणकर भाव वाढवून सांगत नाही, त्याला ते येतच नाही.

इतवारीकर

ताई, हे माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून कपाटातली एक साडी काढून हातात धरून बसली.

घरसंसार काटोल

तुमचं मनापासून पटलं. पण थोडं वेगळंही मांडते. आम्ही शेतकरी बाया संत्री विकतो तेव्हा व्यापारी आमच्याशीही घासाघीस करतो, आणि आम्हाला द्यावीच लागतात. बाजारात जन्म काढल्यावर भाव विचारणं हे अंगवळणी पडतं, त्यात समोरच्याचा अपमान करायचा नसतो. विणकराने भाव एका पाटीवर लिहून दारात लावला तर आमच्यासारखीला अवघडल्यासारखं होणार नाही.

वैनगंगाकाठ

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे. पाटी लावायला हवी. पुढच्या वेळी गल्लीत बोलते.

गडाखालचा

रामटेकचा आहे, म्हणून रामटेक लिहितो. बहुतेक जण थेट गडावर गाडी नेतात, रामाचं दर्शन, माकडांना फुटाणे, खिंडसी तलावात बोट आणि परत. असं करू नका.

आधी मनसर. हायवेवर आहे, वाटेतच पडतं. हिडिंबा टेकडीवर सावली नाही, म्हणून सकाळी आठला तिथे पोचा. विटांचं प्रचंड बांधकाम आहे, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळातलं प्रवरेश्वराचं देऊळ असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. इथली शिव-वामनाची मूर्ती १९७२ मध्ये मिळाली, आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी दिल्लीला गेलो तेव्हा खास ती पाहायला गेलो. मांडी घालून बसलेला, अंगाने गुबगुबीत, चेहऱ्यावर अगदी निवांत हसू. आपल्या गावचं माणूस परदेशात भेटावं तसं वाटलं.

मग नगरधन. भोसल्यांच्या काळचा किल्ला आहे, आत पायऱ्या उतरून जमिनीखाली देवीचं ठाणं. किल्ला छोटा, पण गाव मोठं जुनं. हेच नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने इथे खोदकाम केलं, त्यात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, वर शंख कोरलेला. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, आणि तिने स्वतः राज्य चालवलं. सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या या तालुक्यातून एक बाई राज्य करत होती. आमच्या शाळेत एकाही मास्तराने आम्हाला हे सांगितलं नव्हतं, मला चाळिशीत कळलं.

दुपारचं जेवण करून ऊन उतरू लागलं की रामटेक. रामाच्या देवळात जायच्या आधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं पाहा. बाहेरून साधी दगडी पेटी वाटतात. आत नरसिंह एक पाय दुमडून, हात गुडघ्यावर टाकून बसलेला, दगड तेलाने काळाभोर. केवल नरसिंहाच्या भिंतीवर वाकाटककाळचा संस्कृत लेख आहे. अक्षरांची डोकी चौकोनी, पेटीसारखी. तिथे टॉर्च घेऊन जा आणि भिंतीला हात न लावता नुसता उजेड तिरपा टाका, अक्षरं उठून दिसतात. नंतर एकाच दगडातला वराह. मग वर राम-लक्ष्मण. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा लेख आहे.

प्रभावतीगुप्ताचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मिळाला. त्यातलं दान तिने "रामगिरीस्वामीच्या पायांपाशी" दिलं आहे. तो रामगिरी म्हणजे आमचा गड. महामहोपाध्याय मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, हे मांडलं. संध्याकाळी वरून अंबाळा तलावाचं पाणी पाहिलं की ढगाकडे निरोप द्यावासा का वाटला असेल ते समजतं.

उतरताना कापुरी पानाचा विडा घ्या. इथले पानमळे जुने आहेत.

सावित्रीची लेक

गडाखालचा दादा, माझी आई बहात्तर वर्षांची, टोंगळे दुखतात. तिची रामटेकची इच्छा फार आहे. जमेल का? आमच्याकडे गाडी नाही.

गडाखालचा

ताई, नक्की जमेल. इतवारी स्टेशनहून रामटेकला लोकल गाडी आहे, किंवा एसटीने या. एसटीचं तिकीट बायकांना २०२३ पासून अर्धं आहेच, आईंनाही. गावातून ऑटो करा, तो गडावर वाहनतळापर्यंत जातो. तिथून पायऱ्या आहेत, पण कमी. नरसिंहाची देवळं त्या वाटेला जवळच पडतात. अंबाळ्याकडून चढणारी पायऱ्यांची वाट मात्र आईंसाठी नको. त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा टाळा, गर्दीत म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. आणि प्रसादाची पिशवी ओच्यात धरू द्या, हातात नको. माकडं थेट ओढतात.

सावित्रीची लेक

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, नरसिंहाचं देऊळ आधी, राम नंतर.

धामनदी

वर्धेकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सेवाग्राम सगळ्यांना माहीत. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव १९४० चं. बापूकुटीत शाळेच्या सहलीसारखं धावत जाऊ नका, आदिनिवासात, म्हणजे आश्रमातल्या पहिल्या घरात, जमिनीवर बसा. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबहेननी उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा पाहा.

पण हस्तकलेसाठी वर्धा शहरातलं मगन संग्रहालय. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं, मगनलाल गांधींच्या नावाने. चरख्यांचे किती प्रकार असावेत! तेलघाणी, कागद, मधमाशी, सगळं आहे. शेजारी नैसर्गिक रंगाची खादी मिळते. परतीच्या वाटेवर पवनार, धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. तिथे जमीन खोदताना निघालेल्या जुन्या मूर्ती आश्रमाच्या भिंतीत बसवल्या आहेत. त्यातली भरतभेट पाहून मी दर वेळी थांबते. गोरसपाक घ्यायला विसरू नका.

मिरचीवाला

पवनीला जाताना भिवापूर लागतं, तिथे थांबा. जानेवारी-फेब्रुवारीत जा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. रस्त्याच्या कडेला सातरे दिसतील, म्हणजे मिरचीचे देठ खुडायची मोठी अंगणं. शे-दीडशे बाया रांगेत बसलेल्या, समोर लाल ढीग, तोंडाला पदर बांधलेला. लांबून सुंदर दिसतं. जवळ गेलात की दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी येतं आणि त्या दिवसभर तिथेच बसतात. मजुरी किलोमागे. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा आणि दोन शब्द बोला. माझी आई वीस वर्षं सातऱ्यावर होती, संध्याकाळी हात ताकात बुडवून बसायची, आग शमावी म्हणून. आम्हा पोरांच्या गालाला तिने त्या दिवसांत कधी हात लावला नाही.

मिरची तिथूनच घ्या. वर्षाची एकदम.

वैनगंगाकाठ

मिरचीवाला भाऊ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

पितळी गुंड

भंडारा शहराबद्दल खरं तेच लिहितो. लोक "पितळेचं शहर" ऐकून येतात आणि गल्लीभर ठोक्यांचा आवाज येईल असं समजतात. आता तसं राहिलं नाही. स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, आमच्या घरातलं मठारकाम, म्हणजे भांडी ठोकून घडवणं, माझ्या काकांबरोबर संपलं. भांड्यांची दुकानं आहेत, चांगली भांडी मिळतात. गुंड, गंज, ताटं, समया. जुनं भांडं आणून दिलं तर मोड घेऊन नवं देतात. पण कारागीर पाहायचाच असेल तर आधी दुकानात विचारा, कोणाकडे काम चालू आहे ते तेच सांगतील. उगाच आशा लावून आणू नये म्हणून लिहिलं. खांब तलाव पाहा, पांडे महालाचं लाकूडकाम रस्त्यावरून दिसतं तेवढं पाहा, आणि पुढे आंधळगावला जा.

तरी एक सांगतो. ज्याच्या घरी आजीचा पितळी गुंड माळ्यावर पडला असेल त्याने तो खाली काढावा, चिंच-मीठ लावून घासावा आणि तळ पाहावा. बहुधा तिथे नाव ठोकलेलं असतं, घेणाऱ्याचं किंवा देणाऱ्याचं. आमच्याकडच्या गुंडावर पणजीचं माहेरचं नाव आहे. तिचा घरात दुसरा कुठलाच कागद नाही.

दगडवर्तुळ

ज्यांना अर्धाच दिवस आहे त्यांनी काटोल रोडने जुनापाणीला जावं, नागपूरला लागूनच. महापाषाण युगातली दगडांची वर्तुळं, सुमारे तीनशे. रिव्हेट-कार्नक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांची नोंद केली, पुढे बा. कृ. थापर यांनी १९६१ च्या सुमारास खोदकाम केलं. काही दगडांवर वाटीसारखे खोलगट खड्डे कोरलेले आहेत. पावसाळ्यानंतर गवत माजतं, तेव्हा दगड दिसत नाहीत, आणि दुचाकीवाले वर्तुळाच्या मधून जातात. ती जुनी दफनं आहेत, काही ठिकाणी घोड्यांसकट. गाडी रस्त्यावर ठेवा.

इतवारीकर

जाऊन आलो! रविवारी सकाळी साडेपाचला निघालो, बायको, मी आणि धाकटा. पवनीला पोचलो तेव्हा नदीवर खरंच धुकं होतं. टेकडी झाली, गणपती झाला, घाटावर डबा उघडला. सांबारवडी आणि पोळ्या. मग मास्तरांनी सांगितलं तसं एका गल्लीत उभं राहिलो. धाकट्याला पहिल्यांदा ऐकू आलं. "बाबा, तिकडे कोणी दार ठोकून राहिलं." दार नव्हतं, माग होता.

आत एक काका, सत्तरीच्या पुढचे. करवतकाठी नव्हती, साधा लाल काठ होता. धाकट्याने विचारलं, "तुम्ही न पाहता कसं विणता?" काकांनी त्याचा पाय आपल्या पायाशेजारी पावडीवर ठेवला. चार फेका त्याने काकांबरोबर मारल्या. कापडावर त्या चार ओळी किंचित ढिल्या आल्या. मी म्हटलं काका, उसवा ते, तुमचं कापड बिघडलं. ते म्हणाले, राहू द्या.

तेच कापड सांगून आलोय. तयार झालं की न्यायला जाणार. भाव विचारला नाही, त्यांनी सांगितला तो दिला.

वैनगंगाकाठ

इतवारीकर भाऊ, तुम्ही गेलात ते घर मला कळलं. ते काका आणि माझे बाबा एका गल्लीतले. परवा त्यांच्याकडे गेले होते. कापड अजून मागावरच आहे, अर्ध्याच्या पुढे गेलं आहे. दारावर पाटी लावायचं बोलले, काटोलच्या ताईंचं नाव सांगून. ते म्हणाले, अक्षर कोणाचं चांगलं आहे ते बघ. तुमच्या धाकट्याचं असेल तर पुढच्या वेळी येताना त्याला रंग आणि ब्रश घेऊन आणा. बाजाराच्या दिवशी तेवढं नका येऊ.